डिस्चार्ज कार्डावर कूस बदलणे लिहिलेले नसते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दर वर्षी २९ ऑक्टोबरला जागतिक पक्षाघात दिन येतो. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, जीभ जड होणे ही लक्षणे आणि ती सुरू झाल्यापासूनची साडेचार तासांची मुदत यांवर त्या दिवशी वर्तमानपत्रांत मजकूर येतो. तो यायलाच हवा, कारण गुठळी विरघळवणारे इंजेक्शन त्या मुदतीनंतर सहसा देता येत नाही. पण आठ-दहा दिवसांनी रुग्ण घरी येतो, आणि तिथून पुढे त्याला सांभाळणाऱ्या बायकोला, सुनेला, मुलाला काय यायला हवे, याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. सोबत मिळालेल्या फायलीत एमआरआय असतो, बिले असतात, सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या असतात आणि तळाशी तीन शब्द असतात : ‘फिजिओथेरपी चालू ठेवणे’. बस्स.

आम्ही पुनर्वसनाच्या कामातले लोक आहोत. आमचे मागणे साधे आहे : घरी सोडण्याआधी रुग्णाच्या खाटेपाशी घरच्या माणसाकडून रोजची कामे प्रत्यक्ष करवून घ्यावीत. नुसते तोंडी सांगणे किंवा माहितीपत्रक हातात देणे पुरत नाही. ही कामे कोणती आणि ती न शिकवल्याने काय बिघडते, ते पुढे लिहीत आहोत.

पहिले काम गिळण्याचे, कारण जिवाला मोठा धोका असतो तो इथे. हातापायांबरोबर घशाचे स्नायूही लुळे पडलेले असू शकतात. घन पदार्थ अडकेल, पाणी मात्र सहज जाईल, असे घरोघरी समजतात. प्रत्यक्षात पाणीच जास्त धोक्याचे. पातळ पदार्थ घशात वेगाने उतरतो, श्वासनलिकेचे झाकण वेळेत बंद होत नाही आणि घोट फुफ्फुसाकडे जातो. ठसका लागला तर निदान कळते तरी. काहींच्या घशाची संवेदनाच गेलेली असते, त्यांना ठसकाही लागत नाही. मग खूण कशी ओळखायची? घोट घेतल्यावर आवाज ओलसर, घरघरीत येतो, जेवताना नाक-डोळे वाहू लागतात, श्वास जलद होतो आणि एक-दोन दिवसांत ताप चढतो. नातेवाईक म्हणतात, ‘हवा बदलली.’ तो न्यूमोनिया असतो. म्हणून गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काहीही द्यायचे नाही, तीर्थाचा चमचासुद्धा नाही.

तपासणीनंतर तोंडाने द्यायला परवानगी मिळाली, तरी आपल्या स्वयंपाकघरातले काय चालेल हे कोणी सांगत नाही. ‘सॉफ्ट डाएट’ लिहून मोकळे होतात. घट्ट आणि पातळ एकाच घासात आले की ते रुग्णाला सांभाळता येत नाही : पातळ आमटीत कुस्करलेली पोळी, पाणीदार ताकभात, चहात बुडवलेले बिस्कीट. सुटे कण होणारे पदार्थ तितकेच वाईट : पोहे, चुरमुरे, शेव, शेंगदाण्याचे कूट, कोरडी भाकरी. चालते ते एकजीव : घोटलेली खिमटी, दाट पेज, नाचणीचे दाट सत्त्व, मिक्सरमधून काढलेला वरणभात, कुस्करून एकजीव केलेले केळे. चमचा तिरपा करून पाहावा. पदार्थ सपकन ओघळला तर तो पातळ आहे. चमच्याला चिकटून बसला तर जास्तच घट्ट. सावकाश घसरून पडला तर बरोबर. पाणी किती दाट करून द्यायचे, हे स्पीच थेरपिस्टने ठरवावे. स्पीच थेरपिस्ट फक्त बोलणे शिकवतो हा गैरसमज आहे, गिळण्याचे कामही त्याचेच.

भरवण्याचीही रीत आहे. रुग्णाला शक्यतो खुर्चीत ताठ बसवावे आणि भरवणाऱ्याने समोर बसून भरवावे. उभे राहून भरवले की रुग्ण मान वर करतो आणि श्वासाची वाट उघडी राहते. टीव्ही बंद. चमचा चहाचा, तोही अर्धा. घास धडधाकट बाजूने द्यावा. कंठमणी वर जाऊन खाली आला म्हणजे घास गिळला, तोवर पुढचा द्यायचा नाही. शेवटी लुळ्या बाजूचा गाल आतून पाहावा. तिथे घास साठून राहतो, आणि रुग्ण आडवा झाला की सरकतो. जेवणानंतर अर्धा तास बसवूनच ठेवावे. दिवसातून किमान दोनदा तोंड स्वच्छ करणे हा फुफ्फुसांचा बचाव आहे, कारण लाळ चुकीच्या वाटेने गेली तरी तिच्यातले जंतू कमी असतात. नाकातून आहाराची नळी असलेल्यांच्या बाबतीत हे हमखास विसरले जाते, ‘तोंडाने खातच नाहीत तर घासायचे कशाला’ म्हणून.

नाकातली नळी असेल तर आणखी चार गोष्टी. नळी नाकाशी जिथे येते तिथे खूण हवी, आणि खूण पुढेमागे सरकलेली दिसली तर काहीही न सोडता परिचारिकेला बोलवायचे. आहार देताना डोक्याकडची बाजू किमान ३० अंश वर, आणि त्यानंतरही अर्धा तास तशीच. पिचकारीचा दट्ट्या काढून आहार नुसत्या उतारावर जाऊ द्यायचा, दाबून ढकलायचा नाही. एका वेळी साधारण २०० ते २५० मिली, गाळून, आणि शेवटी ३० मिली पाणी, नाहीतर नळी तुंबते. गोळ्या कुटून घालण्याआधी विचारावे. नावापुढे एस-आर, एक्स-आर लिहिलेल्या गोळ्या दिवसभर थोड्या थोड्या विरघळाव्यात म्हणून बनवलेल्या असतात, त्या कुटल्या की दिवसाची मात्रा एकदम जाते. तेच औषध बहुधा साध्या गोळीत किंवा पातळ स्वरूपात मिळते, पण विचारल्याशिवाय कोणी बदलून देत नाही.

आता खांदा. पक्षाघातानंतर खांदा दुखतो, हे अनेकांना आजाराचाच भाग वाटते. बऱ्याचदा ती आपल्या हातांची करणी असते. खांद्याचा सांधा बशीवर ठेवलेल्या चेंडूसारखा उथळ असतो, त्याला जागेवर धरतात ते स्नायू. ते सैल पडले की हाताच्या वजनानेच सांधा खाली ओघळतो. अशात ‘उठा’ म्हणत लुळा हात ओढला, किंवा बगलेत हात घालून उचलले, की सांधा आणखी सुटतो आणि आतले धागे दुखावतात. दुखऱ्या खांद्याचा रुग्ण व्यायाम करू देत नाही, मग हातही जातो. लुळा हात धरून ओढायचा नाही. बसलेला असताना तो हात उशीवर किंवा टेबलावर टेकलेला हवा, लोंबकळता नको. झोपताना त्या खांद्याखाली आणि हाताखाली उशी. सदरा घालताना लुळा हात आधी, काढताना शेवटी.

दारावर दोरी-पुली टांगून चांगल्या हाताने लुळा हात वर ओढण्याचा व्यायाम अजून अनेक घरांत दिसतो. तो सोडून द्यावा. पाठीचे पाते न हलता दंड डोक्यावर ओढला जातो आणि नेमका तोच खांदा चिमटतो. रबरी चेंडूचेही तसेच. मूठ आधीच आवळलेली असताना चेंडू दाबत बसले की आवळण्याचाच सराव होतो. त्याऐवजी बोटे उघडण्याचे काम द्यावे : दोन्ही हातांनी टेबल पुसणे, टॉवेलची घडी घालणे, डाव्या-उजव्या तळव्यांखाली लाटणे पुढे-मागे फिरवणे. फिजिओथेरपिस्ट तासभर येतो, उरलेला दिवस घरचा असतो. सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होते. नंतर वेग मंदावतो, पण ती थांबत नाही. ‘सहा महिने झाले, आता काही होणार नाही’ हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडी ऐकू येते तेव्हा वाईट वाटते.

खाटेवरून खुर्चीत नेताना खुर्ची रुग्णाच्या चांगल्या बाजूला, खाटेला थोडी तिरकी लावावी, ब्रेक लावावेत, पाय ठेवायच्या पट्ट्या वर कराव्यात. रुग्णाला काठावर आणून एक-दोन मिनिटे बसू द्यावे, एकदम उभे केले की रक्तदाब घसरून चक्कर येते. पावले जमिनीवर सपाट, गुडघ्यांच्या किंचित मागे. आपण समोर, आपल्या गुडघ्यांनी त्याचा लुळा गुडघा अडवलेला. आपण धरायचे ते त्याच्या कमरेला बांधलेल्या रुंद पट्ट्याला. त्याला आपल्या मानेला मिठी मारू द्यायची नाही, कारण तो कोसळला तर दोघेही कोसळतात. नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईल इतके वाकवले की पार्श्वभाग आपोआप उचलला जातो. बराचसा जोर इथेच वाचतो, आणि सुनेची कंबरही.

घर लावण्याचा विषय आला की आधी न्हाणीघराचे दार मोजावे. चाकाच्या खुर्चीची बाहेरून रुंदी साधारण २४ ते २६ इंच असते, आणि आपल्या फ्लॅटमधले दार उघडे असूनही बहुधा तेवढी मोकळी जागा देत नाही. खुर्ची घरी आल्यावर हे कळते. सहा इंचांच्या पायरीला उतार करायचा तर लांबी किमान सहा फूट हवी. दोन फुटांची फळी टाकली की ती घसरगुंडी होते. टॉवेल अडकवायचा दांडा हा आधाराचा दांडा नव्हे. काठी चांगल्या हातात धरायची. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना लुळा पाय आधी.

बेडसोरबद्दल सगळ्यांनी ऐकलेले असते, तरी तो होतोच. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. एअर बेड घेतला म्हणून त्यातून सुटका नाही. माकडहाड, टाचा आणि मांड्यांच्या बाहेरची हाडे रोज उजेडात पाहावीत. लाल डागावर बोट दाबून सोडावे. तो पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर कूस बदलून उतरेल. पांढरा पडलाच नाही तर आतली कातडी मरू लागली आहे. तो चोळायचा नाही, त्यावर स्पिरिट लावायचे नाही, आणि मध्ये भोक असलेली रबरी रिंग तर मुळीच ठेवायची नाही, तिच्या कडेने रक्त आणखी अडते.

उजवी बाजू गेलेल्या अनेकांची भाषाही जाते. माणूस समजून घेतो, पण शब्द सापडत नाही. काहींचे ऐकून समजणेही कमी होते. अशा रुग्णाला नातवाचे नाव आठवत नाही, पण आरती सुरू केली की अख्खी म्हणतो, पाढे म्हणतो, आणि शिवी तर स्वच्छ येते. घरच्यांना वाटते, नाटक करतो. पाठ झालेली, सवयीची भाषा मेंदूत निराळ्या वाटेने येते, म्हणून हे होते. त्याच्याशी ओरडून बोलू नये, कान शाबूत आहेत. एका वेळी एकच छोटा प्रश्न, ‘हो-नाही’त उत्तर देता येईल असा. आणि ‘हो’वर लगेच विश्वास ठेवू नये. ‘हो’ म्हणताना त्याला ‘नाही’ म्हणायचे असू शकते. तोच प्रश्न उलटा विचारून पाहावा, वस्तू दाखवावी, मग थांबावे. दहा सेकंद गप्प राहणे आपल्याला फार अवघड जाते.

डावी बाजू गेलेल्यांत वेगळीच गंमत होते. ताटातले उजवीकडचे सगळे संपते, डावीकडची भाजी तशीच राहते. नजर असते, पण डाव्या जगाकडे लक्षच जात नाही. ताट फिरवून द्यावे, डावीकडून बोलवावे, रस्त्यावर एकटे सोडू नये.

दुसरा झटका टाळणे हा खरा उपचार. फायलीच्या पहिल्या पानावर ठळक लिहून घ्यावे : मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी होती की मेंदूत रक्तस्राव. गुठळीच्या रुग्णाला रक्त पातळ ठेवणारी गोळी लागते. रक्तस्रावाच्या रुग्णाला शेजारच्यांच्या सल्ल्याने ॲस्पिरिन दिले तर अनर्थ होऊ शकतो. सुरुवातीला रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या असल्या तर त्यातली एक कधी थांबवायची, ती तारीख लिहून घ्यावी. गोळी बंद पडण्याचा नेहमीचा प्रसंग म्हणजे दात काढणे : चार दिवसांसाठी बंद केलेली गोळी पुन्हा सुरूच होत नाही. रक्तदाब धडधाकट हातावर, पाच मिनिटे शांत बसून, मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावा आणि वहीत लिहावा. बहुतेकांसाठी १३०/८० च्या खाली राहणे हे लक्ष्य असते. ‘आता नॉर्मल आलंय’ म्हणून गोळी थांबवू नये. नॉर्मल आले ते गोळीमुळे. पुन्हा तोंड वाकडे झाले तर तेल चोळणे, लकव्याचे औषध देणाऱ्या गावी नेणे, कबुतराचे रक्त लावणे यात वेळ घालवू नये. तोंडात काही घालू नये. १०८ ला फोन करावा, सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे आणि रुग्ण शेवटचा नीट कधी दिसला होता ती वेळ सांगावी.

हे सगळे करणारी बहुधा एक बाई असते. रात्री दोन-दोन तासांनी उठणारी, पाठ धरलेली, स्वतःच्या बीपीच्या गोळ्या विसरणारी. ऐपत असली तर ब्यूरोची मावशी येते. तिला बहुधा कोणी काही शिकवलेले नसते, आणि बारा तासांची पाळी बदलताना काय खाल्ले, लघवी किती झाली हे दुसरीला सांगितले जात नाही. भिंतीवर एक वही लटकवली तरी निम्मे प्रश्न सुटतात. पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना कधी ना कधी नैराश्य येते. जेवण टाकणे, व्यायामाला नकार देणे याला आळस म्हणून सोडू नये, त्यावर औषध आहे. कारण नसताना रडू किंवा हसू फुटणे हा निराळा प्रकार, तोही मेंदूच्या इजेचाच. सांभाळणाऱ्यालाही बोलायला माणूस हवे. टेलीमानसचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही चालतो.

आता सरकारला उद्देशून. कुटुंबाला शिकवले की थेरपिस्टची गरज संपते, असा अर्थ आमच्या मागणीतून कोणी काढू नये. भारतातल्याच १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अटेंड चाचणीत सुमारे निम्म्या रुग्णांच्या नातेवाईकांना पुनर्वसन शिकवले गेले, उरलेल्यांना नेहमीचीच सेवा मिळाली. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच, ४७ टक्के होते. स्प्रिंट इंडिया चाचणीत ३१ केंद्रांतल्या चार हजारांहून अधिक रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना १२ भाषांत संदेश, चित्रफिती आणि पुस्तिका दिल्या. दारू-तंबाखू कमी झाली, औषधे नियमित झाली, पण वर्षभरात दुसरा झटका आणि हृदयविकार मात्र घटले नाहीत. आमच्या मते यातून दोन गोष्टी निघतात. घरच्या माणसाला रुग्ण सुरक्षित कसा ठेवायचा ते शिकवा, फिजिओथेरपी त्याच्या गळ्यात बांधू नका. आणि पुस्तिका छापून जबाबदारी झटकू नका.

केरळने २००८ मध्ये उपशामक सेवेचे, म्हणजे गंभीर आजारात त्रास हलका करणाऱ्या सेवेचे, धोरण केले. तिथे पंचायतीमार्फत परिचारिका अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाते, त्यांत पक्षाघाताचे रुग्णही असतात. आपल्याकडे आशाताई आहेत, उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहेत. रुग्ण घरी गेल्याचा निरोप मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. तो पोहोचावा, पहिल्या आठवड्यात एक भेट व्हावी, महिन्याने दुसरी. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून दोन दिवस तरी फिजिओथेरपिस्ट असावा. दिव्यांगत्वाचा दाखला मिळतो हेही घरी सोडतानाच सांगावे. २०१६ च्या कायद्यात पक्षाघातामुळे गेलेली वाचा हेही दिव्यांगत्व धरले आहे, केवळ हात-पाय नव्हे. किमान ४० टक्क्यांचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) नसेल तर बहुतेक सवलतींच्या दारातही जाता येत नाही.

आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार झालेल्या प्रत्येक पक्षाघाताच्या रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर चार रकाने सक्तीचे करावेत : भरवणे, कूस बदलणे, खाटेवरून खुर्चीत नेणे, औषधांची वही. प्रत्येक रकान्यापुढे दोन सह्या : शिकवणाऱ्या परिचारिकेची किंवा थेरपिस्टची, आणि ‘मी स्वतः करून पाहिले’ असे म्हणणाऱ्या घरच्या माणसाची. रकाने कोरे असतील तर रुग्णालयाचा दावा मंजूर होऊ नये.

आपले,
पक्षाघात पुनर्वसनात काम करणारे काही फिजिओथेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट व परिचारिका, पुणे